पाकीट फोडू नका

"कुणाचं हाय?"

शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये मला हे विचारलं गेलं. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. माझ्या शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक म्हातारे आबा होते. पलीकडं लेकरू कडेवर घेतलेली एक बाई, मागं दोन बाप्ये. माझ्या डॉक्टरीण बाईंची चिठ्ठी मेडिकलवाल्याच्या हातात होती. गोळीचं नाव त्यानं वाचलं होतं. ती कशाला देतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यानं चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि मोठ्यानं विचारलं.

मग त्यानं चिठ्ठीवरचं माझं नाव वाचलं. नाव वाचल्यावर माणसाचा चेहरा बदलतो तो मला लहानपणापासून ओळखू येतो.

"आन् तुमच्यात कवापासून पाडाय लागले?"

मागचे दोघं हसले. आबांनी मान खाली घातली. लेकराची आई जरा बाजूला सरकली, माझा पदर तिला लागू नये म्हणून.

माझं बाळ त्या वेळी माझ्या पोटातच होतं. त्याचे ठोके थांबलेले होते. मला हे आदल्या दिवशीच कळलं होतं आणि अजून मी नीट रडलेही नव्हते.

मी त्याला काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "दादा, मी तसली न्हाई ओ."

त्याचे शब्द मी विसरले असते एखाद्या वेळी. हे माझे शब्द विसरत नाहीत.

माझं माहेर मांडवगण फराट्याचं. अब्बा बांगड्या भरतात. आमचं घराणंच मणेरांचं. गावातल्या थोरामोठ्यांच्या बायका, ज्यांच्या ओसरीवर आम्ही कधी बसलो नाही, त्या अब्बांच्या हातात बिनदिक्कत हात देतात. कुणाच्या मनगटाचं माप काय, कुणाला काच लागते, हे अब्बांना पाठ. गावात डोहाळजेवण निघालं की हिरवा चुडा भरायला पहिलं बोलावणं अब्बांना. आमच्यातही सातव्या महिन्यात सातवासा करतात. मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी अब्बांनी हिरव्या बांगड्यांचा एक डबा दुकानात मागं वेगळा काढून ठेवला. लग्नानंतर चार वर्षं वाट पाहिली होती आम्ही. दर्ग्याला गेलो, देवीला गेलो, कुणी सांगितलं ते सगळं केलं. अब्बांना कुणी विचारलं की ते डबा दाखवायचे. म्हणायचे, "ये मेरी बेटीका हय."

मी आणि नवरा शिक्रापुरात भाड्याच्या खोलीत राहतो. तो एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, मी गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. दिवस गेले म्हणून सासू गावाकडून आली, मला जड उचलू द्यायची नाही म्हणून. तिला मी अम्मा म्हणते. आम्ही भांडायचो, पण ती माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा काढून तूप घालायची. हेही सांगायला पाहिजे, कारण पुढं तिनं जे केलं ते वाईट मनानं केलं नाही.

सोनोग्राफीला मी एकटीच गेले होते. नवऱ्याची शिफ्ट होती आणि मला वाटलं, नुसतं बघायचं तर आहे. डॉक्टरीण बाई मशीन फिरवत राहिल्या. एरवी त्या बडबड करायच्या. त्या दिवशी गप्प झाल्या. मग माझ्या पोटावरची ती जेली त्यांनी स्वतः पुसली, नर्सला पुसू दिली नाही.

"बाळ वाढायचं थांबलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. हे कामानं होत नाही, खाण्यानं होत नाही. पण आता ते बाहेर यायला हवं, नाहीतर तुला त्रास होईल."

त्यांनी सगळं नीट सांगितलं. गोळ्यांनी पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, थंडी वाजेल, त्याला घाबरायचं नाही. एकामागून एक पॅड भिजायला लागले किंवा ताप चढला तर थांबायचं नाही, यायचं. एकटीनं असताना घ्यायच्या नाहीत. नंतर परत एकदा तपासायला यायचं. म्हणाल्या, "हे औषध जुनं आहे, चांगलं आहे. जगभर बायका घेतात." आणि मग खाली बघत म्हणाल्या, "फक्त मिळायला जरा फिरावं लागेल तुला. आमच्याकडे ठेवायची सोय नाही."

जरा नाही, पुष्कळ फिरले. शिक्रापुरातल्या एकाही मेडिकलमध्ये त्या गोळ्या नव्हत्या. काहींनी चिठ्ठी वाचून नाही म्हटलं, एकानं तर नाव बघूनच हात हलवला. नंतर मला कळलं की कुठं तरी धाड पडली होती, तेव्हापासून आपल्याकडं कुणी ती गोळी ठेवत नाही. मुली पाडतात म्हणून कायदा कडक केला, ते बरोबरच केलं. पण सोनोग्राफीत मुलगी बघून पाडणारे मोठ्या गाडीतून येतात आणि मोठ्या गाडीतून जातात. त्यांचं काही अडलं नाही. अडलं माझं, जिच्या पोटातलं आधीच गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

म्हणून मी एसटीनं शिरूरला आले. आणि तिथं त्याच्याकडं त्या होत्या.

सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्यानं मला उभं ठेवलं. खुर्ची होती, बस म्हणाला नाही. शेवटी खालच्या खणातून चंदेरी पाकीट काढलं. माझ्या समोर अंगठ्यानं दाबून एकेक गोळी बाहेर काढली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात टाकली आणि पुडी बांधली, किराणावाला हिंग बांधतो तशी. रिकामं पाकीट परत खणात. माझी चिठ्ठी फाडून टोपलीत.

हीच त्याची पद्धत होती. त्याचीच नाही, जे चोरून देतात त्या सगळ्यांचीच आहे. पाकिटावर नंबर असतो. तो नंबर गिऱ्हाइकाबरोबर गेला तर माल कुठून आला ते कळतं. पुडीला नाव नाही, नंबर नाही, बाप नाही.

"घरात कुणाच्या नजरंला पडू दिऊ नको," तो म्हणाला. "पोलीस केस व्हती. आन् माझं नाव घेतलंस तर मी म्हणंन, ही बाई मी पाह्यलीच न्हाई."

मी त्याला धन्यवाद म्हटलं. खरंच म्हटलं.

येताना एसटीत मी पर्स छातीशी धरून बसले होते. काल मी एक लेकरू गेलेली बाई होते. आज चोर झाले होते. कुणी मला शिवी दिली म्हणून नाही. पुडीमुळं झाले. माणसाला चोरासारखं वागवलं की ते चोरासारखं चालायला लागतं, आजूबाजूला बघत.

आता लपवायचं कुठं? एका खोलीचं घर. कपाटात सासूच्या साड्या, फळीवर डबे, तिचाच हात दिवसभर त्यांच्यात. नवरा फोनवर रडला होता आणि म्हणाला होता, "अम्माला मी आल्यावर सांगू. तिला बीपी हाय." त्याची सुट्टी अजून दोन दिवसांनी होती आणि एकटीनं घ्यायच्या नाहीत असं बाईंनी बजावलं होतं. एका खोलीच्या घरात बाईला कडी लावता येते अशी जागा एकच, मोरी. मी पुडी मोरीतल्या खिडकीत ठेवली, साबणाच्या मागं. श्रावणाचे दिवस होते. भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा.

नवरा घरी आला त्या दिवशी मी गोळ्या घेतल्या. त्या जिभेखाली धरल्या तेव्हाच भुगा झाल्यासारख्या लागल्या. मला वाटलं, अशाच असतील. अम्माला आम्ही पाळीच्या तारखेला जरा दुखतंय असं काहीतरी सांगितलं. खरं सांगायला नवऱ्याला तोंडच उघडवेना, मग मीही गप्प बसले. कळा आल्या, थोडं गेलं आणि थांबलं. मी म्हटलं झालं. त्या थोड्यातच माझं बाळ होतं असं समजून मी मोरीत बसून त्याचा निरोप घेतला. ते चुकीचं होतं. बहुतेक सगळं आतच राहिलं होतं.

मग अंगात कणकण, मग ताप. नवरा कामावर. डॉक्टरीण बाई गावाला गेलेल्या, दवाखान्याला कुलूप. अम्मानं शेजाऱ्याची रिक्षा बोलावली आणि मला शिरूरला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथला डॉक्टर म्हणजे बड्या घरचा माणूस, बागायतदार, गावोगावच्या पुढाऱ्यांबरोबर त्याचे फोटो भिंतीला. त्यानं मला तपासलं आणि विचारलं, कुठल्या गोळ्या घेतल्या. मी नाव सांगितलं. पाकीट दाखव म्हणाला. पाकीट नव्हतं. चिठ्ठी दाखव. चिठ्ठी नव्हती. सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता, तो मी पुढं केला. त्यानं तो हातातही घेतला नाही.

"आधी घरी उद्योग करायचे आन् निस्तरायला आम्ही," तो म्हणाला. मग अम्माकडं वळला. "आजी, सुनंनं पाडलंय तुमच्या."

अम्मा माझ्या उशाशी उभी होती. माझ्या कपाळावर तिचा ओला रुमाल होता. तिनं तो उचलला आणि बाहेर जाऊन बसली.

गर्भाची पिशवी साफ केली त्यानं, ते खरं. जीव वाचला. पण साफ करताना आणि नंतर वॉर्डात, जो येईल त्याला माझी ओळख तीच. चादर बदलायला आलेली मावशीसुद्धा म्हणाली, "ही व्हय ती." मी प्रत्येकीला सांगत होते, ठोके थांबले होते, मला हवं होतं, मी तसली नाही. तापात सुद्धा तेच बडबडत होते म्हणे. मी तसली नाही, मी तसली नाही.

अम्मा घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अल्लानं दिल्यालं तू मोरीत लपवून मारलंस." खिडकीतला पुडीचा कागद तिला सापडला होता. लपवलं होतं ना मी. लपवलेल्या गोष्टीचा दुसरा काय अर्थ लावायचा बाईनं? दुसऱ्या दिवशी ती गावाला निघून गेली.

गावातून ते मांडवगणला पोचायला वेळ लागला नाही. मला हे माझ्या आईनं, अम्मीनं फोनवर सांगितलं. एक मोठ्या घरची बाई बांगड्या भरायला बसली होती. हात अब्बांच्या हातात. म्हणाली, "मणेरमामा, तुमच्या पोरीनं पाडलं म्हणं?" अब्बांनी उरलेल्या बांगड्या भरल्या. काच लागू दिली नाही तिला. संध्याकाळी त्यांनी मागचा हिरवा डबा काढला आणि विकायच्या मालात लावून टाकला. अम्मी म्हणाली, दोन दिवस जेवले नाहीत. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फोनवर आलेच नाहीत.

आणि नवरा. त्यानं माझी बाजू घेतली, आईशी भांडला. रिपोर्ट त्यानं स्वतः वाचला होता. मला त्याच्याकडं बघून धीर होता. मग एका रविवारी मी मटण कापत होते आणि तो बराच वेळ मोबाईलकडं बघत बसला होता. वर न बघता म्हणाला, "ते सोनोग्राफीचं मशीन... चुकतं का गं कवा?"

त्याला माझ्यावर संशय नव्हता. मला माहीत आहे. त्याला आशा होती, आणि लोकांनी त्या आशेत विष कालवलं होतं. पण मला त्या वेळी जे झालं ते बाळ गेलं तेव्हाही झालं नव्हतं. मी मटण तसंच ठेवलं, हात धुतले आणि मोरीत जाऊन कडी लावली. तोंडात पदर कोंबून रडले. बाळ माझं गेलं आणि त्याच्यासाठी रडायचा हक्कसुद्धा मला राहिला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

डॉक्टरीण बाई परत आल्यावर मी त्यांच्याकडं गेले. सगळं सांगितलं. पुडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला.

"पाकिटातून काढलेल्या होत्या? आणि मोरीत?"

मी हो म्हटलं.

"ही गोळी ओलावा धरते गं. म्हणून तर ती धातूच्या पाकिटात बंद असते. बाहेर काढून दमट जागी ठेवली की तिचा जोर जातो. औषध चांगलंच होतं. तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं वाटोळं केलं."

म्हणजे औषधानं मला फसवलं नव्हतं. माझ्या अंगानंही नाही. एका माणसाच्या भीतीनं पाकीट फोडलं आणि त्याच माणसाच्या हुकमानं मी ते मोरीत ठेवलं. बाळ तर आधीच गेलं होतं. पण माझा ताप, हॉस्पिटल, अम्मा, हिरवा डबा, सगळं त्या अंगठ्याखाली फुटलं होतं. मी बाईंच्या समोर रडले नाही. मला इतका राग आला की रडूच आलं नाही.

राग आला, पण मी काही केलं नाही. कामाला जात राहिले. वर्ष गेलं.

मग शेजारच्या खोलीतली पूनम आली. झारखंडची. नवरा ट्रकवर, ती पॅकिंगला, पदरात दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पिणारं. तिला परत दिवस गेले होते आणि तिला नको होते. त्याच डॉक्टरीण बाईंनी तिला रीतसर तपासून चिठ्ठी दिली होती. शिक्रापुरातली मेडिकलं फिरून झाली होती. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "दीदी, कहीं नहीं मिल रहा. आप चलोगी साथ में?"

खरं सांगते, माझा हात दाराच्या कडीवर गेला. मला हवं होतं ते गेलं, आणि हिला मिळालंय ते नको आहे. दार लावून घ्यावंसं वाटलं. तोंडावर शब्दही आले होते, की मला असल्या भानगडीत पाडू नको. आणि तिच्याकडं बघताना मला त्या दुकानातली लेकराची आई आठवली, पदर लागू नये म्हणून सरकलेली. मी आत्ता तशीच सरकत होते.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरले होते की मी तसली नाही. तसली म्हणजे कोण? तसली म्हणजे ही. दोन लेकरांत पिचलेली, चिठ्ठी हातात धरून दारोदार फिरणारी. मी स्वतःला सोडवायला रोज हिला पुढं ढकलत होते. त्या मेडिकलवाल्याचं म्हणणं मी मान्यच केलं होतं, की तसल्या बाईला असंच वागवायचं असतं, फक्त मी ती नाही. अपमान माझा त्यानं केला. पण तो मी वर्षभर सांभाळला, पाणी घातलं त्याला.

मी चपला घातल्या.

तेच दुकान. तोच माणूस. त्यानं मला ओळखलं नाही, असल्या किती येतात त्याच्याकडं. पूनमची चिठ्ठी वाचली, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नवरा कुठंय हिचा? त्याला पाठव म्हणावं."

"चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव हाय का?" मी विचारलं.

तो माझ्याकडं बघायला लागला. गिऱ्हाइकं होती दुकानात, त्यांनीही बघितलं. तो म्हणाला, "असलं काय आमच्याकडं मिळत न्हाई."

"मग तसं लिहून द्या. ह्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, आन् आमच्याकडं न्हाई. सही आन् शिक्का."

"हळू बोला."

"का? डोकेदुखीची गोळी तुम्ही मोठ्यानं देता की."

हे कुणी शूराचं काम समजू नये. मी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पण आवाज मोठा निघत होता. त्यानं खालचा खण उघडला. चंदेरी पाकीट काढलं. अंगठा त्याच्यावर ठेवला.

"पाकीट फोडू नका," मी म्हणाले.

तो थांबला.

"गेल्या साली तुम्ही माझ्या पुढं पाकीट फोडून मला गोळ्या पुडीत दिल्या. त्या वाया गेल्या. मी मरता मरता वाचले. हे पाकीट आहे तसं द्या. तारीख दिसू द्या. आन् पावती करा हिच्या नावानं."

यावेळी कुणी हसलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मला वाटतं तेव्हा त्याला मी आठवले. पाकीट त्यानं तसंच पुढं सरकवलं. पावती केली. चिठ्ठी परत दिली. जाताना म्हणाला, "ताई, बाहेर बोलू नका कुठं." मागच्या वेळी मी ताई नव्हते.

पूनमनं गोळ्या घेतल्या त्या दिवशी मी रजा टाकली. तिची लेकरं माझ्या खोलीत खेळवली आणि तिच्याजवळ बसले. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. कळा आल्या, थंडी वाजली, गेलं. सांजेला तिनं चहा मागितला. पुढं तपासणीत सगळं साफ निघालं. एवढंच होतं ते. एक अख्खं पाकीट, आणि शेजारी बसलेलं एक माणूस.

तिला चहा देऊन मी माझ्या खोलीत आले. मोरीत गेले नाही. खोलीच्या मधोमध बसले, दार उघडं टाकून, आणि माझ्या बाळासाठी रडले. जाणारे येणारे बघत होते. बघू दिलं.

अम्मा अजून आलेली नाही. अब्बा फोनवर येतात, पण बांगड्यांचं बोलत नाहीत. नवऱ्याला मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, डॉक्टरीण बाईंसमोर बसवून. तो ऐकून रडला. ठीक आहे. जे फुटलं ते फुटलं, ते सांधणार असं मी म्हणत नाही.

पण आमच्या चाळीत आता माहीत झालंय. कुणाच्या हातात तसली चिठ्ठी आली की ती माझं दार वाजवते. कुणाला हवं असतं आणि गेलेलं असतं, कुणाला नको असतं. मी विचारत नाही. मी चपला घालते आणि त्या काउंटरवर जाऊन उभी राहते, गर्दीच्या वेळी, मुद्दाम. मी तसली नाही हे वाक्य मी तोंडातून काढून टाकलंय. आता कुणी विचारलं, कुणाचं हाय, तर माझं उत्तर तयार आहे. आमचं हाय. पाकीट द्या.